गोळी ताटात: आईची साखर खाली जाण्याच्या नोंदी

आईचे वय ७२ असून मधुमेहाला १४ वर्षे झाली आहेत. इन्सुलिन नाही; सकाळी नाष्ट्यापूर्वी एक आणि रात्री जेवणापूर्वी एक अशा दोन संयुक्त गोळ्या, आणि रक्तदाबाची एक वेगळी गोळी. आम्ही नाशिकच्या पंचवटीत राहतो आणि मी अंबडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे, म्हणजे दिवसभर इतरांनी केलेल्या कामाची मापे घेणे हा माझा व्यवसाय आहे. तरीही घरातल्या गोळीच्या पाकिटावर काय छापले आहे हे मी इतक्या वर्षांत एकदाही वाचले नव्हते. साखर वाढण्याची भीती घरात सर्वांना होती, ती घसरू शकते याचा विचार कोणीच केला नव्हता. ज्यांच्या घरी असेच चालले असेल त्यांना आमच्या चुका तरी उपयोगी पडाव्यात म्हणून ही वही येथे उतरवून काढली आहे. औषधांच्या मात्रा मुद्दाम लिहिलेल्या नाहीत, कारण त्या आईच्या तपासण्यांवरून ठरलेल्या आहेत आणि दुसऱ्या कोणाला लागू पडणार नाहीत.

१६ फेब्रुवारी २०२५, रविवार

संकष्टी होती. आईने दुपारी साबुदाण्याची खिचडी आणि चार वाजता चहा एवढेच घेतले होते. चंद्रोदय साडेनऊच्या पुढे होता, पण गोळी मात्र तिने आठ वाजता घेतली, कारण आठचा गजर मीच तिच्या मोबाईलवर लावून दिलेला आहे आणि "गोळी आठला म्हणजे आठला" असे तिला दहा वेळा बजावलेले आहे. नऊ वाजून दहा मिनिटांनी ती देवघरापुढे बसली होती. ब्लाउज घामाने भिजला होता आणि ती माझ्या पत्नीला माझ्या बहिणीच्या नावाने हाक मारत होती. आम्हाला प्रथम हा अर्धांगवायूचा झटका वाटला. शेजारच्या काकांकडे साखर मोजण्याचे यंत्र आहे हे पत्नीला आठवले म्हणून बरे, ९.२० ला आकडा आला ५२.

पुढे जे केले ते सगळे घाईत आणि मापाशिवाय केले. पेलाभर पाण्यात अंदाजे दोन चमचे साखर दिली, त्यापाठोपाठ नैवेद्याचे दोन पेढे भरवले. ९.४० ला आकडा ५८. घाबरून पुन्हा साखरपाणी, एक केळे आणि आणखी एक पेढा. १०.१५ ला ९७ आले आणि आई नीट बोलू लागली. त्यानंतर तिने चंद्र पाहून, मोदकांसह पूर्ण जेवण केले. रात्री साडेबाराला यंत्राने २८१ दाखवले. उरलेली रात्र ती चार वेळा लघवीला उठली आणि प्रत्येक वेळी पाणी मागत राहिली. म्हणजे एका रात्रीत आम्ही तिला खड्ड्यातून काढून कड्यावर नेले होते.

१७ फेब्रुवारी, सोमवार

कामावर रजा टाकून डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सांगितलेले जसेच्या तसे लिहून घेतले आहे. आकडा ७० च्या खाली गेला की साखर उतरली असे समजायचे. ५४ च्या खाली गेला तर ती अधिक गंभीर अवस्था. माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर १५ ग्रॅम लवकर पचणारी साखर द्यायची, १५ मिनिटे थांबायचे, पुन्हा मोजायचे आणि आकडा ७० च्या वर आला नसेल तरच पुन्हा १५ ग्रॅम द्यायचे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचे नाही, कुशीवर वळवायचे आणि १०८ ला फोन करायचा. पेढा चालत नाही, कारण खव्यातल्या स्निग्धांशामुळे पोटातले अन्न पुढे सरकायला वेळ लागतो, चॉकलेटचेही तेच.

गोळीबद्दल ते म्हणाले, "काकू, गोळी पोटात गेली की ती तुमच्या उपवासाची वाट पाहत नाही." आईला हे पटले असे वाटले. मी घरी आल्यावर गजर आठऐवजी साडेआठला केला आणि प्रश्न सुटला असे समजलो. ही माझी पुढची चूक होती; ती कळायला दोन आठवडे लागले.

२० फेब्रुवारी, गुरुवार

खरेदी: साखर मोजण्याचे यंत्र ८५० रुपये, ५० पट्ट्यांची डबी ९८० रुपये, स्वयंपाकघरातला छोटा इलेक्ट्रॉनिक काटा ४२० रुपये. काटा कशाला, असे पत्नीने विचारले. कारण "एक चमचा" हे माप नव्हेच. आमच्या घरी चहाच्या साखरेचा चमचा सपाट भरला तर ५ ग्रॅम साखर मावते आणि शीग लावून भरला तर ८ ग्रॅम; पोहे खाण्याच्या चमच्याची गोष्टच वेगळी. तीन सपाट चमचे म्हणजे १५ ग्रॅम, हे आता डब्याच्या झाकणावर लिहून चिकटवले आहे.

वहीत चार रकाने पाडले: गोळीची वेळ, पहिल्या घासाची वेळ, आकडा, आणि त्यापूर्वीच्या दोन तासांत काय केले. दुसरा रकाना मी केवळ सवयीने पाडला होता. पुढे सगळी किल्ली त्याच रकान्यात सापडली.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. आदल्या दिवशी डॉक्टरांना फोन करून उपवासाच्या दिवशीच्या गोळ्यांचे विचारले आणि तसेच केले. भगर, दाण्याची आमटी आणि रताळे असे थोडे थोडे चार वेळा खाल्ले. साखर घसरली नाही. साबुदाणा मात्र बंद केला, कारण तो खाल्ल्यावर दोन तासांनी आकडा २४१ होता.

२ मार्च, रविवार

ही नोंद सविस्तर लिहितो, कारण नाशिकच्या अनेक घरांत रविवार असाच उजाडत असणार.

मुंबईहून पाहुणे आले होते आणि गंगापूर रस्त्याच्या बाजूला शहराबाहेर मिसळ खायला जायचे ठरले. मिसळीसाठी पोट मोकळे ठेवायचे म्हणून कोणीच नाष्टा केला नाही. आईने मात्र गजर वाजताच, सकाळी साडेआठला, गोळी घेतली. सकाळचा गजरही मीच लावलेला. निघायला साडेनऊ झाले, वाटेत पेट्रोल, मग तिथे नंबर लावून झाडाखाली बाकावर वाट पाहणे. १०.४० ला आमचे टेबल लागले. मिसळ येण्यापूर्वीच आईच्या कपाळावर घामाचे थेंब दिसले. हात थरथरत नव्हते आणि छातीत धडधडतही नव्हते. तिने स्वतः "काही होत नाही मला, ऊन आहे" असे सांगितले. (नंतर डॉक्टरांनी सांगितले की रक्तदाबाच्या काही गोळ्या धडधड आणि थरथर झाकून टाकतात, घाम मात्र झाकत नाहीत, आणि आईची गोळी त्याच प्रकारातली आहे. तेव्हा तिच्या बाबतीत घाम हीच खूण धरायची.)

या वेळी यंत्र पिशवीत होते. आकडा ६२. चहावाल्याकडून साखर घेऊन तीन सपाट चमचे पाण्यात विरघळवून दिले. माप बरोबर, वेळ बरोबर. १५ मिनिटांनी ६३. पुन्हा तीन चमचे. आणखी १५ मिनिटांनी ६६. पाहुण्यांपैकी एकाने जिलेबी आणली, ती मी परत पाठवली आणि त्यावरून थोडी बोलाचाली झाली. पाऊण तासाने ८१ झाले, तेव्हा तिला पाव आणि कमी तर्रीची मिसळ दिली. घरी आल्यावर दीड वाजता २३६.

गोळीची वेळ ८.३०, पहिल्या घासाची वेळ ११.३०. मधले तीन तास वहीत शेजारी शेजारी लिहिलेले पाहिले तेव्हा १६ फेब्रुवारीची ओळ आणि ही ओळ एकाच साच्यातून निघालेल्या दिसल्या. दोन्हीकडे गजर वेळेवर वाजला होता आणि ताट वेळेवर आले नव्हते.

पण दुसरा प्रश्न उरतोच: मापात दिलेली साखर चढायला पाऊण तास का लागला?

५ मार्च, बुधवार

मी काढलेला निष्कर्ष असा: पेलाभर पाण्यामुळे साखर पातळ होते आणि म्हणून उशीर लागतो. त्यामुळे तीच १५ ग्रॅम साखर अर्ध्या कपात घट्ट विरघळवून ठेवायची. संध्याकाळी आई काळाराम मंदिरातून चालत परत आली तेव्हा घाम होता, आकडा ६६. घट्ट साखरपाणी दिले. १५ मिनिटांनी ६७, अर्ध्या तासाने ७३. निष्कर्ष चुकीचा होता. दोष पाण्यात नव्हता, तरी पुढचे चार दिवस मी पाण्याचीच मापे बदलत राहिलो. एकदा पाक करून पाहावा असेही मनात आले होते, हे आता लिहिताना लाज वाटते.

९ मार्च, रविवार

गोळ्या संपल्या म्हणून औषधाच्या दुकानात गेलो आणि सहज बोलता बोलता साखर लवकर चढत नसल्याचे सांगितले. काउंटरवरच्या फार्मासिस्टने पाकीट उलटे करून मला तिसरे नाव वाचायला लावले. पहिले मेटफॉर्मिन, दुसरे ग्लिमेपिराईड, तिसरे व्होग्लिबोज. साखर खाली आणणारे मुख्यतः दुसरे: ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग पोटात अन्न असो वा नसो. तिसऱ्याचे काम वेगळे आहे. आपण खातो ती साखर आणि पिष्टमय पदार्थ यांचे आतड्यात तुकडे पडल्याशिवाय ते रक्तात जात नाहीत, आणि हे तुकडे पाडण्याचे काम व्होग्लिबोज लांबवते, म्हणजे जेवणानंतर साखर एकदम उसळत नाही. घरातली साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी. ती जोडी सुटायलाच वेळ लागत होता. मी एका हाताने साखर देत होतो आणि सकाळचीच गोळी ती दाराशी अडवून धरत होती.

उपाय साधा निघाला: अशी गोळी घेणाऱ्यांना साखर नव्हे, ग्लुकोज पावडर द्यायची, कारण ग्लुकोजचे आणखी तुकडे पडावे लागत नाहीत. डॉक्टरांना फोन केला; त्यांनी दुजोरा दिला आणि "हे मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते" असेही म्हणाले. दोष त्यांच्या एकट्याचा नाही. पाकीट आमच्याच घरात होते.

पावडर घेताना पाकिटावरचे घटक वाचावेत. संत्रे, आंबा वगैरे स्वादांच्या काही पाकिटांत ग्लुकोजसोबत साधी साखरही असते. मी बिनस्वादाची घेतली.

१० ते १३ मार्च

ग्लुकोज पावडर साखरेपेक्षा हलकी आहे. आमच्या चमच्यात सपाट ४ ग्रॅमच मावते. म्हणून १५ ग्रॅमच्या कागदी पुड्या बांधल्या: एक आईच्या बटव्यात, एक देवघरात, एक गाडीत. तीन दिवसांत बटव्यातली पुडी ओल धरून खडा झाली आणि गाडीतली फुटून आसनावर सांडली, मुंग्या झाल्या. त्याऐवजी घट्ट झाकणाच्या छोट्या प्लास्टिकच्या डब्या आणल्या, सहा डब्या ९० रुपये. प्रत्येकीत काट्यावर तोलून १५ ग्रॅम, वर भरल्याची तारीख.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. सकाळचा नाष्टा झाला होता, पण रंग धुण्याच्या निमित्ताने आईने दोन तास अंगण घासले. पावणेबाराला आकडा ६१. एक डबी अर्धा पेला पाण्यात. १५ मिनिटांनी ८४, अर्ध्या तासाने १०२. एका डबीत काम झाले.

त्यानंतर ताबडतोब अर्धी ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ आणि वाटीभर ताक दिले. हे विसरू नये, कारण ग्लुकोज तासाभरात खर्च होते आणि गोळीचा अंमल त्याहून कितीतरी जास्त वेळ चालतो. दोन तासांनी पुन्हा मोजले, १३८. रात्री निजण्यापूर्वीही मोजले, १२६. पहिल्यासारखे २८१ झाले नाही. मापात दिल्याचा हा फायदा मला अधिक मोलाचा वाटतो.

१७ मार्च, सोमवार

पुन्हा संकष्टी, चंद्रोदय नऊच्या पुढे. या वेळी मोबाईलवरचे दोन्ही गजर काढून टाकले. गोळीची डबी स्वयंपाकघरातल्या फळीवरून हलवून ताटांच्या मांडणीत, आईच्या ताटाच्या आत ठेवली. नियम एवढाच: ताट वाढून समोर आले की गोळी, आणि गोळीनंतर लगेच पहिला घास. ताट नाही तर गोळी नाही, आणि ताट फारच लांबणार असेल तर डॉक्टरांना फोन.

आईचा आक्षेप असा होता की चौदा वर्षे वेळ पाळायला सांगितली आणि आता वेळच काढून टाकली. तिचे म्हणणे खरे आहे. मी तिला सांगितले, "आई, घड्याळ माझ्या सोयीचे होते." ती म्हणाली, "मग आधीच सांगायचेस."

संध्याकाळी सहाला राजगिऱ्याची एक वडी, मूठभर शेंगदाणे आणि कपभर दूध घ्यायला तिला तयार केले; उपवासाला हे सगळे चालतेच. नऊ वाजता आकडा ९४. चंद्र पाहून ताट वाढले, गोळी, घास. साडेअकराला १६२.

२३ मार्च, रविवार

दिंडोरीहून मेव्हण्याने द्राक्षांची पेटी पाठवली. ग्लुकोजला मराठीत द्राक्षशर्करा म्हणतात हे शाळेत शिकलो होतो. त्याचा अर्थ आता लागला. द्राक्षातली साखर बहुतेक सगळी सुटी असते, साधारण निम्मी ग्लुकोज आणि निम्मी फ्रुक्टोज, त्यामुळे व्होग्लिबोज तिला अडवू शकत नाही. आमच्या पेटीतले २० मणी काट्यावर ९२ ग्रॅम भरले, म्हणजे साधारण १५ ग्रॅम साखर. दुपारी आकडा ६७ होता तेव्हा २० मणी देऊन पाहिले. १५ मिनिटांनी ७९. चालते, पण डबीइतके झटपट नाही, कारण निम्म्या फ्रुक्टोजला यकृतातून फिरून यावे लागते, आणि वीस मणी चावायला आईला पाच मिनिटे लागली. बोलणे अडखळत असताना मणी देऊ नयेत, घशात अडकतील. डबी नसेल तेव्हाच द्राक्षे, असे ठरवले.

संध्याकाळी मोठा घोटाळा झाला. आई द्राक्षे देठापासून सुटी करून डब्यात भरत होती. मध्येच घाम आला म्हणून पत्नीने तिथेच बोट टोचले: ३१२. एवढी वाढली म्हणून पाणी पाजून तिला आडवे केले, आणि घाम वाढतच गेला. मी कामावरून आलो, बोटे चिकट दिसली, साबणाने धुऊन, पुसून पुन्हा मोजले: ६४. द्राक्षाचा रस बोटावर होता आणि यंत्राने रक्तासोबत तोही मोजला होता. वीस मिनिटे वाया गेली, तीही चुकीच्या दिशेने. कारखान्यात माप घेण्यापूर्वी पृष्ठभाग पुसायला मी नव्या मुलांना रोज सांगतो. आता नियम: साबण-पाण्याने हात धुवायचे, कोरडे करायचे, मगच टोचायचे. नुसता स्पिरिटचा बोळा फिरवणे पुरेसे नाही. हात धुण्याची सोय नसेल तर निदान पहिला थेंब पुसून दुसरा घ्यायचा.

याच आठवड्यात गॅसच्या शेगडीशेजारी ठेवलेल्या डबीतल्या पट्ट्या चुका दाखवू लागल्या. आठ पट्ट्या फेकल्या, १५७ रुपयांचे नुकसान. उष्णता आणि ओल दोन्ही पट्ट्यांना वर्ज्य; आता डबी बैठकीच्या खोलीतल्या कपाटात असते आणि झाकण लगेच लावले जाते.

८ एप्रिल, मंगळवार

कामदा एकादशी, रथयात्रा. आईला राम आणि गरुड रथांचे दर्शन चुकवायचे नव्हते. बटव्यात दोन डब्या, पाण्याची बाटली, यंत्र, फुटाण्यांऐवजी उपवासाचे भाजलेले दाणे. गर्दीत तीन तास गेले, आकडा ८८ च्या खाली आला नाही. लिहिण्यासारखे आणखी काही नाही.

२० एप्रिल, रविवार

उन्हाळा चढला आहे. दुपारी अडीचला आई पलंगावरून उठताना भोवळ येऊन पुन्हा बसली. यंत्र माझ्या गाडीत राहिले होते आणि मी बाहेर होतो. पत्नीने डबी विरघळवून दिली. मी परतल्यावर मोजले: २१४. साखर मुळात उतरलेलीच नव्हती.

येथे चूक कोणती हे मी आधी चुकीचे लिहिले होते आणि डॉक्टरांनी दुरुस्त केले. यंत्र हाताशी नसेल आणि शंका असेल, तर साखर घसरली आहे असे धरून ग्लुकोज देणे हेच योग्य, कारण जास्त झालेली साखर काही तासांनी निस्तरता येते, घसरलेली थांबत नाही. चूक एवढीच की यंत्र गाडीत होते. ते आता घराबाहेर जात नाही; माझ्यासाठी जुने यंत्र शेजारच्या काकांनी देऊन टाकले.

मग भोवळ कशाची? जीभ कोरडी होती, सकाळपासून लघवी एकदाच आणि गडद पिवळी, घाम मुळीच नव्हता, आणि त्रास उठून उभे राहताना झाला होता. पाणी कमी पडले होते. आई पाणी टाळते, कारण गुडघे दुखतात आणि रात्री सारखे उठावे लागते. पाण्याने साखर चढत नाही, हे स्पष्ट लिहितो. पण पाणी पुरेसे असले तर भोवळ, थकवा आणि कोरडेपणा यांची भेसळ निघून जाते आणि खरी घसरण ओळखू येते.

२१ ते २७ एप्रिल

हृदयाचा व मूत्रपिंडाचा त्रास नसल्याची खात्री करून डॉक्टरांनी उन्हाळ्यात दिवसाला सुमारे दोन लिटर ठरवून दिले. पहिला प्रयत्न फसला: दर तासाला पेला द्यायचा ठरवले, दुपारी ती झोपली, राहिलेले पेले रात्री भरून काढले आणि ती पाच वेळा उठली. गजराची जुनी खोड पुन्हा नडली, असे म्हणता येईल.

दुसरा प्रयत्न तांब्याचा. आमच्या तांब्यात मोजून ७०० मिलिलिटर मावतात. सकाळी उठल्यापासून जेवणापर्यंत एक, जेवणानंतर चारपर्यंत दुसरा, आणि सहा-सात वाजेपर्यंत तिसऱ्यातला निम्मा. उरलेले ताक, वरण, चहा यांतून मिळते. कोणता तांब्या रिकामा आहे ते दुरून दिसते, विचारावे लागत नाही. ताकात मीठ अगदी कमी, रक्तदाबामुळे. सब्जाचे पाणी तिला आवडले, कोकमाचे बिनसाखरेचे सरबत आवडले नाही. रसवंतीवर उसाचा रस "ताजा असतो" म्हणून चालेल का, असे तिने दोनदा विचारले, चालणार नाही.

खाण्यातही याच आठवड्यात बदल स्थिरावला. पोह्यांत मोड आलेली मटकी, सकाळी अकराला अर्धे फळ, पाच वाजता मूठभर फुटाणे, आठवड्यातून तीनदा नागलीचे ताकातले आंबील, आणि मंदिरात चालत जाण्यापूर्वी काहीतरी खाल्लेले असणे. निजताना आकडा १०० च्या खाली असेल तर अर्धा कप दूध, हे डॉक्टरांनी आईपुरते सांगितलेले आहे.

२ मे, शुक्रवार

लग्नाच्या जेवणानंतर आईला जुलाब लागले. सकाळी तिला काही खावेसे वाटत नव्हते. ताट नाही, म्हणून गोळीही पुढे आली नाही; आधी फोन झाला. पोट बिघडले की दोन्ही बाजूंनी अडचण असते: अन्न जात नाही, आणि अंगातले पाणी कमी झाल्यावर मूत्रपिंड मंदावले तर गोळीचा अंश शरीरात रेंगाळतो. त्या दिवशी काय घ्यायचे ते डॉक्टरांनी सांगितले.

ओआरएसबद्दल माझा गैरसमज होता की त्यात ग्लुकोज असल्याने तेच साखरेवरही चालेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एक लिटरच्या पुडीत ग्लुकोज १३.५ ग्रॅम असते, म्हणजे २०० मिलिलिटरच्या पेल्यात तीन ग्रॅमसुद्धा नाही. जुलाबातून गेलेले पाणी भरून काढायला ते उत्तम, पण आकडा ७० च्या खाली गेल्यावर डबीच लागते. दिवसभरात सहा वेळा मोजले, सर्वांत कमी ७६. पेज आणि ओआरएसवर दिवस निभावला.

६ मे, मंगळवार

वही घेऊन डॉक्टरांकडे. मूत्रपिंडाची आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची (एचबीए१सी, हिचा आकडा टक्क्यांत येतो) तपासणी आधीच करून घेतली होती, ९५० रुपये. मूत्रपिंड ठीक. सरासरी ६.२ टक्के. गेल्या वर्षी हाच आकडा ६.३ आला तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. डॉक्टर म्हणाले की या वयात, इतक्या वेळा साखर उतरत असताना, ६.२ ही शाबासकीची गोष्ट नव्हे. आईसाठी ७ ते ७.५ पुरेसे आहे. त्यांनी वहीतले रकाने बोटाने खालपर्यंत पाहिले आणि रात्रीच्या गोळीतून ग्लिमेपिराईड काढून टाकले, सकाळचे कमी केले. व्होग्लिबोज अजून आहे, म्हणून डब्याही आहेत.

वही नसती तर हा बदल झाला नसता असे मला वाटते, कारण याआधी आम्ही त्यांना फक्त "बरे आहे" एवढेच सांगत आलो होतो.

१६ मे, शुक्रवार

संकष्टी. चंद्र दहाच्या पुढे, त्यात वळवाच्या ढगांनी आभाळ भरलेले. आईने सातला दूध आणि वडी घेतली. नऊला ११८, दहाला १०६. चंद्र दिसेना, तेव्हा तिने स्वतःच पंचांगातली वेळ पाहून उत्तरेकडचे दार लावले, ताट वाढायला सांगितले आणि ताटातली गोळी हातात घेऊन पत्नीला म्हणाली, "भात आधी वाढ, मग मी ही गिळते."

आजवरचा खर्च: पट्ट्यांच्या तीन डब्या धरून ५,५०० रुपयांच्या आसपास, डॉक्टरांची फी वेगळी, माझ्या तीन रजा. ६ मेनंतर ७० च्या खाली एकही आकडा नाही. गाडीतली डबी उन्हाने घट्ट झाली होती, ती आज बदलली.